थ्रीडी ॲनिमेशन शिकायचंय? लाखांची फी भरण्याआधी घरातला तांब्या बनवून बघा

बारावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात कराडहून मामांचा फोन आला. मामेभावाला थ्रीडी ॲनिमेशन शिकायचं होतं. पुण्यातल्या एका खासगी संस्थेनं एका वर्षाच्या कोर्सची फी पावणेतीन लाख सांगितली होती. शनिवारपर्यंत २५ हजार भरले नाहीत तर सीट जाईल, असंही बजावलं होतं.

"अगं, तू इंजिनिअर, शिवाय दिवसभर कॉम्प्युटरवरच असतेस. तूच सांग, भरू का पैसे?"

मी विचारलं, "मामा, त्यानं आजवर कॉम्प्युटरवर एखादी वस्तू बनवलीय का? साधा डबा, टेबल, काहीही?"

"ते तिथं शिकवतीलच की."

अडचण नेमकी इथंच आहे. पोहायला येतं की नाही हे न बघता आपण कुणाला स्विमिंग पूलची वर्षभराची मेंबरशिप काढून देत नाही. थ्रीडीच्या बाबतीत मात्र तसं सर्रास होतं, कारण हे काम आत काय असतं ते घरात कुणालाच माहीत नसतं. माझं मत स्पष्ट आहे : एक महिना, रोज दोन तास, घरच्याच कॉम्प्युटरवर फुकट सॉफ्टवेअर घेऊन एक वस्तू बनवायची आणि एक चेंडू उडवायचा. त्यानंतरच फीचं बोलायचं. मामांनाही मी हेच सांगितलं.

सॉफ्टवेअर फुकट, मग फी कशाची?

ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे. चोरीची कॉपी नव्हे, अधिकृतरीत्या मोफत. नेदरलँड्सच्या टॉन रूसेंडाल यांनी ते बनवलं. पुढे त्यांची कंपनी बुडाली आणि ब्लेंडरचे हक्क गुंतवणूकदारांकडे अडकले. ते सोडवायला एक लाख युरो हवे होते. २००२ मध्ये इंटरनेटवरून वर्गणी मागितली गेली आणि जगभरातल्या वापरकर्त्यांनी सात आठवड्यांत ती रक्कम उभी केली. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला ब्लेंडर सगळ्यांसाठी खुलं झालं. आपल्याकडच्या गणपती मंडळांना वर्गणीचं हे गणित लगेच कळेल.

फुकट म्हणजे दुय्यम, असं वाटत असेल तर 'फ्लो' हा सिनेमा आठवा. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसनं केलेली, एकही संवाद नसलेली एका मांजराची गोष्ट. हा सिनेमा ब्लेंडरमध्ये बनला आणि मार्च २०२५ मध्ये त्यानं सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर जिंकलं. समोर 'इनसाइड आउट २' आणि 'द वाइल्ड रोबोट' होते.

स्टुडिओंमध्ये माया हे सॉफ्टवेअर जास्त चालतं हे खरं आहे. पण विद्यार्थ्यांना त्याचंही शैक्षणिक लायसन्स मोफत मिळतं. म्हणजे फी सॉफ्टवेअरची नसते. ती असते शिकवणाऱ्याच्या नजरेची आणि तुमच्या चुका दाखवण्याची. ते मिळणार असेल तर फी योग्य आहे. नाहीतर तुम्ही मेनूमधल्या बटणांची नावं पाठ करायला पैसे देताय.

पडद्यावरची वस्तू असते कशाची?

ब्लेंडर उघडलं की मधोमध एक राखाडी ठोकळा दिसतो. त्याला आठ बिंदू, १२ कडा आणि सहा पृष्ठं. थ्रीडीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू या तीन गोष्टींचीच बनते. प्रत्येक बिंदूचा पत्ता तीन आकड्यांत : किती डावी-उजवीकडे, किती पुढे-मागे, किती वर-खाली. बिंदू जोडले की कड, कडा बंद झाल्या की पृष्ठ आणि पृष्ठांची जाळी म्हणजे मेश. वाघ असो, बाहुबलीचा महाल असो की बिल्डरच्या होर्डिंगवरची अजून पायाही न खोदलेली इमारत असो, आत जाळीच असते.

१९७२ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात एड कॅटमल या विद्यार्थ्यानं स्वतःच्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा काढला. त्या साच्यावर सुमारे साडेतीनशे त्रिकोण आणि बहुकोन पेनानं आखले, प्रत्येक कोपऱ्याचं माप घेतलं आणि ते कॉम्प्युटरला दिलं. पडद्यावर हात उघडला, मिटला. हाच कॅटमल पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाला.

त्याच विद्यापीठात १९७५ मध्ये मार्टिन न्यूएल यांना प्रयोगासाठी एक आकार हवा होता. त्यांनी घरातली चहाची किटली समोर ठेवली आणि ग्राफ पेपरवर तिची बाह्यरेषा काढली. ती 'युटा टीपॉट' पुढे जगभरातल्या संशोधकांनी वापरली. किटलीच का? फुगीर पोट, वळलेली नळी, भोक असलेली कडी, स्वतःचीच सावली स्वतःवर पडते अशी रचना. एका साध्या भांड्यात थ्रीडीचे बहुतेक अवघड प्रश्न होते.

यूट्यूबवर नवशिके हमखास डोनटपासून सुरुवात करतात. अँड्र्यू प्राइस यांच्या डोनटच्या ट्युटोरियलनं असंख्य लोकांना ब्लेंडर शिकवलंय आणि ते चांगलंच आहे. पण त्यात एक गोम आहे. डोनट आपल्याकडे किती जणांनी हातात धरून नीट निरखलाय? मग व्हिडिओत सांगतील तिथं क्लिक करायचं आणि शेवटी हुबेहूब त्यांच्यासारखा डोनट. आपलं चुकलं कुठं हे कळायला खरी वस्तू समोर लागते. म्हणून मी भावाला सांगितलं, देवघरातला तांब्या घे.

तांब्या बनवताना काय काय कळतं?

पहिलं काम मोबाइलवर. तांब्या टेबलावर ठेवायचा, मोबाइल तांब्याच्याच उंचीवर धरायचा आणि तीन-चार पावलं मागं जाऊन झूम करून फोटो काढायचा. जवळून काढला तर तोंड मोठं आणि तळ बारीक दिसतो, माप फसतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंग शीटवर फ्रंट व्ह्यू आणि टॉप व्ह्यू काढताना मला हे का करायचं ते कळलं नव्हतं. मास्तर सांगतात म्हणून ड्राफ्टर सरकवत होते. ब्लेंडरमध्ये तो फोटो मागे लावून त्यावर रेष ओढली तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला.

तांब्या गोल आहे, त्यामुळे तो अख्खा बनवायचाच नाही. मधून उभा कापला असं समजायचं आणि फक्त अर्धी कड बिंदू-बिंदूंनी आखायची : तळ, पोट, आत वळलेली मान, बाहेर आलेला काठ. मग ती रेष मधल्या अक्षाभोवती पूर्ण फिरवायची. कुंभाराचं चाक किंवा कारखान्यातलं लेथ मशीन जे करतं तेच. ३२ टप्प्यांत फिरवली की तांब्या उभा.

उभा राहिला, पण नीट दिसत नाही. इथून शिक्षण सुरू होतं. तळाच्या मध्यावर ३२ बिंदू एकावर एक साचलेले असतात. दिसतो एकच बिंदू, असतात बत्तीस. ते 'मर्ज बाय डिस्टन्स' ही आज्ञा देऊन एक करावे लागतात, नाहीतर तिथं काळपट डाग उमटतो. काही पृष्ठं उलटी झालेली असतात. प्रत्येक पृष्ठाला एक बाहेरची बाजू असते, तिला नॉर्मल म्हणतात. शर्ट उलटा घातल्यासारखं एखादं पृष्ठ आत तोंड करून बसलं की प्रकाश भलताच पडतो. शिवाय या तांब्याला अजून जाडीच नाही. कागदापेक्षाही पातळ. काठाकडे बघितलं की लगेच खोटा वाटतो.

काठाची तर वेगळीच गोष्ट आहे. खऱ्या जगात कुठलीच कड ब्लेडसारखी धारदार नसते. काठ किंचित गोल असतो आणि त्या गोलाईवर प्रकाशाची बारीक पांढरी रेघ चमकते. ती रेघ नसली तर बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चुकलंय हे कळतं. त्यासाठी बेव्हल करायचं, म्हणजे कड थोडी तासायची. बहुतेक नवशिक्यांच्या कामात फरक पडतो तो या एका गोष्टीनं.

भावानं पहिल्या आठवड्यात पाठवलेला तांब्या दिसायला ठीक होता, पण उंची विचारली तर म्हणाला, "ताई, दोन मीटर." ब्लेंडरचा सुरुवातीचा ठोकळा एका बाजूला दोन मीटर असतो. त्याच्याच मापानं काम केलं की घरातला तांब्या पाण्याच्या टाकीएवढा होतो. आत्ता फरक दिसत नाही. पण त्यात पाणी ओतायला गेलात की पाणीही टाकीतल्यासारखं संथ हलतं, कारण सॉफ्टवेअर गुरुत्वाकर्षणाचा हिशोब खऱ्या मापानं करतं.

मग धातू. 'मेटॅलिक'चा आकडा एकवर नेला, रंग तांब्याचा दिला, तरी तांब्या काळाठिक्कर. भावाला वाटलं सॉफ्टवेअर बिघडलं. बिघडलेलं काही नव्हतं. चकचकीत धातूला स्वतःचा असा फार थोडा चेहरा असतो, तो आजूबाजूचं दाखवतो. आजूबाजूला रिकामा अंधार असेल तर तोच दिसणार. पॉली हेवन या संकेतस्थळावर खऱ्या खोल्यांचे, अंगणांचे सगळ्या बाजूंनी घेतलेले फोटो मोफत मिळतात. त्यातला एक भोवती लावला की तांब्या एकदम जिवंत होतो. वर खिडकीचा उजेड, पोटावर वाकडीतिकडी खोली.

मेकॅनिकलवाल्यांसाठी एक कंसातली गोष्ट : आपण कॉलेजात शिकलेलं कॅड आणि हे मेश एकच नव्हे. कॅडमधला दंडगोल गणितानं खरोखर गोल असतो, कारण तो मशिनवर कापायचा असतो. मेशमधला गोल म्हणजे बत्तीस किंवा चौसष्ट सपाट पट्ट्या, गोल दिसण्यापुरत्या. कॅड येतं म्हणून थ्रीडी ॲनिमेशन येईल या भ्रमात मी स्वतः होते.

जाळी दाट केली की झालं?

गोलाई वाढवायला सोपा उपाय दिसतो : प्रत्येक पृष्ठाचे चार तुकडे करत जायचं. यालाच सबडिव्हिजन म्हणतात. १९७८ मध्ये त्याच कॅटमलनं जिम क्लार्कसोबत याची पद्धत मांडली आणि ब्लेंडरमध्ये आजही ती दोघांच्याच नावानं आहे. पण हिशोब बघा. ठोकळ्याची सहा पृष्ठं एका पायरीला २४ होतात, मग ९६, ३८४, १,५३६. सहाव्या पायरीला २४,५७६. घरातल्या दहा भांड्यांना हेच केलं तर लॅपटॉपचा पंखा शेजारच्यांना ऐकू जातो.

म्हणून चांगला मॉडेलर कमी बिंदूंत काम भागवतो आणि जिथं वाकायचं आहे तिथंच जाळी दाट ठेवतो. हाताचं कोपर वाकवायचं तर तिथं गोल फिरणाऱ्या किमान तीन कडा लागतात, नाहीतर कोपर दुमडलेल्या पाइपासारखं चेपतं. पृष्ठं शक्यतो चौकोनी ठेवा असं सांगतात त्यामागचं कारणही हेच : चौकोनांच्या ओळी स्नायूंच्या दिशेनं नेता येतात. नंतर आत हाडांचा सांगाडा घालतात. कुठलं हाड कुठल्या बिंदूला किती ओढेल ते ठरवतात. त्याला रिगिंग म्हणतात. पहिल्या महिन्यात त्यात शिरू नका. ते स्वतंत्र काम आहे आणि त्यातच करिअर करणारे लोक आहेत.

ॲनिमेशन : आधी चेंडू, माणूस नंतर

हलतं चित्र म्हणजे सेकंदाला २४ स्थिर चित्रं. ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. दादासाहेब फाळकेंनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना थोड्या थोड्या वेळानं एकेक फ्रेम टिपून फिल्म बनवली आणि ती दाखवून सिनेमासाठी भांडवल मिळवलं. पुढे आगकाड्या एकेक फ्रेम सरकवून त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. कॉम्प्युटरनं त्यातलं कष्टाचं काम तेवढं कमी केलं. तुम्ही पहिली आणि शेवटची जागा सांगा, मधल्या फ्रेम तो भरतो. या सांगितलेल्या जागांना कीफ्रेम म्हणतात.

आणि नेमकं इथंच कॉम्प्युटर फसवतो. चेंडू वर असतानाची एक कीफ्रेम, जमिनीवरची दुसरी, पुन्हा वरची तिसरी. चालवून बघा. चेंडू जमिनीजवळ येताना हळू होतो, अलगद टेकतो आणि हळूच वर जातो. पाण्यात सोडल्यासारखा. कारण ब्लेंडर प्रत्येक कीफ्रेमपाशी वेग आपोआप कमी करतं. त्याला काय माहीत तुमचा चेंडू आहे की लिफ्ट?

खरा चेंडू काय करतो? एक मीटरवरून सोडला तर तो साधारण ०.४५ सेकंदात खाली येतो, म्हणजे २४ च्या हिशोबानं ११ फ्रेममध्ये. पहिल्या तीन फ्रेममध्ये तो जेमतेम आठ सेंटिमीटर उतरतो, पुढच्या तीनमध्ये २३ आणि त्यापुढच्या तीनमध्ये ३८. एकास तीन, तीनास पाच हे गॅलिलिओचं प्रमाण. अकरावीच्या फिजिक्समध्ये आपण हेच सूत्र मार्कांसाठी घोकतो. ॲनिमेशनमध्ये हे चुकलं तर चेंडूचं वजनच जातं. ग्राफ एडिटर नावाच्या खिडकीत हालचालीचा आलेख दिसतो. जमिनीच्या टोकाला तो आलेख गोल नव्हे, टोकदार हवा. तिथं हँडल बदललं की चेंडू एकदम चेंडू होतो.

यासाठीही आधी मोबाइल वापरा. भिंतीला टेप लावून स्लो मोशनमध्ये रबरी चेंडू आणि क्रिकेटचा जुना चेंडू, दोन्ही टाकून व्हिडिओ घ्या. कोण किती उसळतो, किती वेळा उसळतो ते फ्रेम मागेपुढे करून मोजा. भावानं हे करताना मामींची एक कुंडी फोडली, तेवढं जपा. मग ब्लेंडरमध्ये तोच गोळा ठेवून, रंग न बदलता, केवळ हालचालीवरून एकदा रबरी आणि एकदा लोखंडी वाटायला लावा. बघणाऱ्यानं न सांगता ओळखलं तर ॲनिमेशन जमतंय.

हे काही मी शोधलेलं नाही. डिस्नेचे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या पुस्तकात ॲनिमेशनची बारा तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलंच दबण्या-ताणण्याचं आहे : आपटल्यावर चेंडू चपटा होतो, पण तेवढाच रुंदही झाला पाहिजे, नाहीतर हवा गेल्यासारखा वाटतो. १९८६ मध्ये पिक्सारनं 'लक्सो ज्युनियर' केला, त्यात दोन टेबललॅम्प आणि एक चेंडू. ना चेहरा, ना डोळे. तरी कोणता दिवा मोठा माणूस आणि कोणता पोर, हे लगेच कळतं. नवशिक्यांना मात्र पहिल्या दिवशी ड्रॅगन उडवायचा असतो.

लॅपटॉप कसा लागतो आणि वीज गेली तर?

ब्लेंडरला किमान आठ जीबी रॅम लागते आणि सोबत दोन जीबी मेमरीचं ग्राफिक्स सांगितलं जातं. तांब्या आणि चेंडूसाठी तेवढं पुरे. लाखभराचा गेमिंग लॅपटॉप पहिल्याच दिवशी घेऊ नका. तीन बटणांचा माऊस मात्र घ्या, टचपॅडवर हे काम करणं म्हणजे छळ आहे.

खरा वेळ खातं रेंडरिंग, म्हणजे प्रत्येक फ्रेमचं अंतिम चित्र काढणं. दहा सेकंदांचे २४० फ्रेम होतात. एकाला पाच मिनिटं लागली तर एकूण २० तास. त्यात रात्री दोन वाजता वीज गेली तर? थेट व्हिडिओ फाइलमध्ये रेंडर लावलं असेल तर फाइल खराब होते आणि सगळं पुन्हा. म्हणून पीएनजी चित्रांची मालिका काढायची. १३७ व्या फ्रेमला वीज गेली तर १३७ पासून पुढे सुरू. नंतर चित्रं जोडून व्हिडिओ करायला काही मिनिटं लागतात. 'ईव्ही' नावाचं झटपट रेंडर इंजिन वापरलं तर वेळही खूप वाचतो. 'फ्लो' त्याच इंजिनवर झाला.

मोबाइलवरच शिकता येईल का, हा आमच्या वाचकांचा नेहमीचा प्रश्न. अँड्रॉइडवर प्रिझ्माथ्रीडी, नोमॅड स्कल्प्टसारखी ॲप आहेत. नोमॅडवर मातीसारखा आकार घडवायची सवय चांगली लागते. पण आलेख, हाडं, प्रकाश हे सगळं एकत्र करायला कॉम्प्युटर लागतोच. घरात नसेल तर शाळा-कॉलेजची लॅब, मित्राचा पीसी, काहीही चालेल. पण दुसऱ्याच्या भरवशावर दोन महिने काढल्याशिवाय कर्ज काढून घेऊ नका.

मग क्लास नकोच का?

तसं मी म्हणत नाही. एकट्यानं शिकताना एक मर्यादा येते : आपली चूक आपल्याला दिसणं बंद होतं. चांगला शिक्षक दोन मिनिटांत सांगतो की वजन डाव्या पायावर आहे, मग कंबर उजवीकडे का? याला पैसे द्यावेत. सोबत शिकणारी चार मुलं आणि डोक्यावर डेडलाइन, यालाही किंमत आहे.

पण फी भरण्याआधी ब्रोशर बाजूला ठेवून गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण विद्यार्थ्यांचं काम मागा, भिंतीवर लावलेल्या टॉपरचं नको. शिकवणारा स्वतः कुठल्या प्रोजेक्टवर होता ते विचारा. आठवड्यातून किती वेळा तुमचं काम समोर लावून त्यावर बोललं जातं ते विचारा. मधेच सोडलं तर किती पैसे परत, हे लेखी मागा. 'शंभर टक्के प्लेसमेंट'मध्ये प्लेसमेंट म्हणजे नेमकं कुठलं काम, तेही विचारा. मुंबई-पुण्यातल्या स्टुडिओंमध्ये अनेक फ्रेशर्सची सुरुवात रोटोस्कोपीनं होते, म्हणजे दिवसभर फ्रेममागून फ्रेम माणसाच्या कडेनं रेषा आखत बसायचं. काम प्रामाणिक आहे आणि शिस्त लावतं. पण कॅरेक्टर ॲनिमेटर व्हायला आलेल्या मुलाला हे आधी कुणीतरी सांगायला हवं.

धंद्याचा स्वभावही घरच्यांना कळलेला बरा. २०१३ च्या फेब्रुवारीत 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या स्टुडिओनं दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात त्या सिनेमाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. या स्टुडिओचं ऑफिस मुंबईतही होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर समूह कोसळला तेव्हा बेंगळुरूतल्या मुलांच्या नोकऱ्या गेल्या. दुसरीकडे, केंद्रानं २०२२ च्या अर्थसंकल्पात या क्षेत्रासाठी टास्क फोर्स जाहीर केला आणि महाराष्ट्रानं २०२५ मध्ये स्वतंत्र एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केलं. धोरणं आली की जाहिरातींत त्यांचे आकडे झळकतात. ते आकडे तुमच्या मुलाच्या नोकरीची हमी नसतात.

सरकारी वाटही आहे आणि तिच्याबद्दल घरात फार कमी बोललं जातं. आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये ॲनिमेशनमध्ये एम.डेस. करता येतं. बारावीनंतर बी.डेस.साठी यूसीड ही परीक्षा आहे आणि तीही आयआयटी मुंबईच घेते. गंमत म्हणजे त्या परीक्षेत सॉफ्टवेअर कुणी विचारत नाही. चित्र काढायला लावतात, निरीक्षण तपासतात, वस्तू मनात फिरवून बघता येते का ते पाहतात. तांब्याचा अर्धा छेद काढलेल्या मुलाला हे परकं वाटणार नाही.

'एआय आलंय, आता हे शिकून काय उपयोग?' हे मामांनीही विचारलं. एका ओळीच्या सूचनेवर मॉडेल आणि व्हिडिओ बनवणारी साधनं आली आहेत आणि त्यामुळे काही कामं कमी होतील, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अशा मॉडेलची जाळी मी उघडून बघितली आहे. वरून छान, आत त्रिकोणांचा गुंता. ते वाकवायचं, हलवायचं तर कुणीतरी बसून नीट करावं लागतं. चेंडूचं वजन चुकलंय हे ज्याला दिसत नाही, त्याला ते एआयकडूनही दुरुस्त करून घेता येणार नाही.

मामांनी शनिवारी पैसे भरले नाहीत. सोमवारी संस्थेतून पुन्हा फोन आला, आता ३० हजारांची सवलत होती आणि सीटही शिल्लक होती. महिना उलटून गेलाय. भावानं तांब्याच्या पाच आवृत्त्या केल्या, पाचव्याला मी नाव ठेवू शकले नाही. चेंडूचा मात्र त्याला कंटाळा आला. हालचालीपेक्षा धातूवरचा उजेड, काच, ओल्या फरशीचं प्रतिबिंब यातच तो रमतो. म्हणजे त्याला ॲनिमेशन शिकायचंच नसावं, लायटिंग शिकायचं असावं, आणि पावणेतीन लाखांच्या त्या कोर्समध्ये लायटिंगला तीन आठवडे होते. काल रात्री त्यानं देवघराचा रेंडर पाठवला. तांब्या, समई, मागे भिंत. समईची ज्योत चुकलीय, फारच पांढरी आहे. आज संध्याकाळी मामींनी दिवा लावला की त्याला तिथं जाऊन बसायला सांगितलंय.